खायची नव्हती, तर धरली कशाला?



गेल्या नाताळच्या सुट्टीतला एक साधा प्रसंग काही केल्या आमच्या मनातून जात नाही. तो आज आपल्यापुढे मांडत आहोत. निर्णय आमच्याकडे पूर्ण तयार नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचा मुलगा अमेरिकेत नोकरीला आहे. बऱ्याच वर्षांनी तो सणाला घरी आला. सोबत एक लांबट पिशवी होती. आम्हांला वाटले, गिटार असेल, नाताळची गाणी बसवायला उपयोगी पडेल. उघडून पाहिले तर आत घडीची काठी, रीळ, बारीक तंगूस आणि रबराची रंगीत खोटी बेडके! तिकडे तो सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जाऊन ‘बास’ नावाचा मासा गळाने धरतो. आपल्याकडे बास नाही, पण खोट्या बेडकावर झडप घालणारी मरळ आहे, हे त्याला आठवत होते. मग 27 डिसेंबरला, प्रेषित संत योहान यांच्या सणाच्या दिवशी (तेही कोळ्याचेच पुत्र), आम्ही पाचसहा जण त्याच्याबरोबर जिंतूरच्या पुढे येलदरीला गेलो.

धरणाच्या फुगवट्याच्या एका कोपऱ्यात, जिथे पाण्यात बाभळीची वठलेली खोडे उभी आहेत, तिथे त्याने बेडूक फेकले. तासभर काही नाही. आमच्यातले दोघे तर डबे उघडून बसले होते. आणि एकाएकी पाणी फाटले, काठी वाकली आणि दहा मिनिटांच्या ओढाताणीनंतर चांगली दोन किलोची मरळ काठावर आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. रस्सा कुणी करायचा याची चर्चाही सुरू झाली. इतक्यात त्या मुलाने हात ओले केले, पकडीने गळ काढला, एक फोटो काढून घेतला आणि मरळ अलगद पाण्यात सोडून दिली. शेपटीचा एक फटका मारून ती गेली.

जवळच एक म्हातारे भोई आजोबा थर्माकोलचा तराफा काठाला लावून जाळे सोडवत बसले होते. ते उठून आले. रागावलेले नव्हते, पण चेहरा उतरला होता. म्हणाले, “दादा, खायची नव्हती तं धरली कशाला? तिचं तोंड फुकट फाडलं.”

मुलगा म्हणाला, “आजोबा, जीव तर वाचवला ना तिचा?”

“वाचवला? कोनापासून? तुझ्यापासूनच ना?”

यावर आमच्यापैकी कुणालाच बोलायला सुचले नाही.

घरी येताना गाडीत मात्र दोन तट पडले. अर्ध्यांचे म्हणणे, सोडून दिले हे पुण्यच. आपण तर मारून खाल्ले असते. बाकीचे म्हणत होते की आजोबांचेच खरे. आम्ही आधी पहिल्या बाजूला होतो. जिंतूर मागे पडेपर्यंत दुसऱ्या बाजूला गेलो. परभणीला पोहोचलो तेव्हा नक्की कुठे होतो, ते सांगता येत नाही.

त्या मुलाची बाजू अगदीच हलकी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेत बासच्या मागे फिरणारे लोक लाखोंनी आहेत. पूर्वी तेही मासे धरून नेत आणि खात. बासचा गाजलेला विक्रमच पाहा. 2 जून 1932 रोजी, तिकडे मंदीने लोक हवालदिल झालेले असताना, जॉर्जिया राज्यातील जॉर्ज पेरी नावाच्या विशीतल्या तरुणाने 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे 10 किलोंचा बास धरला. त्याचे वजन झाले, नोंद झाली आणि मग पेरीच्या घरच्यांनी तो शिजवून खाल्ला. जगातला सर्वांत मोठा बास, पण त्या घरात ते जेवण होते. पुढे हौशी लोक वाढले, स्पर्धा सुरू झाल्या आणि ढिगाने मासे मरू लागले. तेव्हा रे स्कॉट या अलाबामाच्या गृहस्थाने, ज्याने बास धरणाऱ्यांची मोठी संघटना उभी केली होती, 1972 पासून आपल्या स्पर्धांत मासा जिवंत ठेवून परत सोडण्याची चाल पाडली. तळी रिकामी होऊ नयेत म्हणून हौसेला घातलेला हा लगाम होता. आमच्या मुलाने हे सारे तिकडेच शिकले. त्याच्या मते मरळ सोडणे म्हणजे निसर्गाचा मान राखणे. त्यात ढोंग नव्हते.

पण हीच गोष्ट दुसरीकडे उलटी ठरते. 1925 साली अमेरिकेतून हा बास जपानमध्ये नेला. तो पुढे तिथल्या पाण्यांत पसरला आणि स्थानिक मासे खाऊ लागला. बिवा हे तिथले सर्वांत मोठे सरोवर. त्याच्या काठच्या प्रांताने 2003 पासून नियम लावला की या सरोवरात धरलेला बास परत पाण्यात सोडायचा नाही. योगायोग असा की 2009 साली पेरीच्या विक्रमाशी बरोबरी करणारा बास याच बिवा सरोवरात सापडला. आणि स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे त्या सरकारने आपल्या भोई आजोबांचाच प्रश्न विचारला. एकच कृती, कुठे सत्कृत्य, कुठे अपराध. तेव्हा ‘सोडला’ एवढ्यावरून काही ठरत नाही.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. आपला प्रभू कोळ्यांमध्ये राहिला, त्यांच्याच नावेत झोपला. पण चारही शुभवर्तमानांत जाळी पुष्कळ आहेत आणि गळ फक्त एकदाच येतो. मत्तयच्या 17व्या अध्यायाच्या शेवटी मंदिराच्या कराचा प्रसंग आहे. प्रभू पेत्राला सरोवरावर जाऊन गळ टाकायला सांगतो आणि पहिल्या माशाच्या तोंडात नाणे मिळेल म्हणतो. त्या माशाचे पुढे काय झाले? पेत्राने तो सोडला की घरी नेला? मत्तय काही सांगत नाही. (पेत्राची सासू त्याच गावात होती हे लक्षात घेता आमचा अंदाज वेगळा सांगायला नको.) पुनरुत्थानानंतर प्रभूने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, असे लूक 24व्या अध्यायात लिहितो, आणि योहानाच्या शेवटच्या अध्यायात तर तोच निखाऱ्यांवर मासे भाजून त्यांची न्याहारी मांडून बसला आहे. तेव्हा मासा मारून खाणे पाप आहे, असे कॅथोलिक ख्रिस्तसभा कधीच म्हणत नाही. आपल्यातील जी कुटुंबे मांसाहार करत नाहीत त्यांच्याबद्दल आम्हांला आदर आहे, पण ती त्यांची स्वतःची निवड आहे.

मग अडचण कुठे आहे? 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात 2415 ते 2418 हे परिच्छेद प्राण्यांविषयी आहेत. अन्नासाठी आणि वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करायला तिथे मुभा आहे. पण त्यांना गरज नसताना यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असेही सांगितले आहे. ही मांडणी नीट पाहा. तिथे माणसाच्या प्रतिष्ठेचा विचार आधी आहे. संत थॉमस अक्विनस यांनीही तेराव्या शतकात याच वाटेने विचार केला होता. जनावराशी क्रूरपणे वागण्याची सवय लागली की तो हात पुढे माणसावरही उठतो, अशी त्यांना काळजी होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक जीवाला देवापुढे स्वतःचे मोल आहे, तो केवळ आपल्या उपयोगासाठी नाही, असे त्यांनी शिकवले.

माशाला खरेच दुखते का, हाही एक वाद आहे. त्याला ना ओरडता येते ना पापणी हलवता. 2003 साली ब्रिटनमध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि आम्ल टोचून पाहिले. त्या माशांनी खाणे सोडले आणि काही तर तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात की माणसाच्या मेंदूतला जो भाग दुःखाची जाणीव करून देतो तो माशाला नाही, म्हणून त्याला आपल्यासारखे दुःख होत नसावे. आम्ही शास्त्रज्ञ नाही. पण एवढे समजते की ज्याला दुखत असण्याची शक्यता आहे त्याच्याशी, दुखते आहे असे धरूनच वागावे. आपल्या घरातल्या मुक्या बाळाशी आपण तसेच वागतो.

मरळीची आणखी एक गोष्ट आजोबांनी आम्हांला सांगितली. आम्ही परभणीचे असून ती ठाऊक नव्हती, याची लाज वाटली. पावसाळ्यात मरळीची पिल्ले तांबड्या गोळ्यासारखी पाण्यावर एकत्र फिरतात आणि आईबाप खालून त्यांची राखण करतात. जाणता भोई तो गोळा दिसला की तिथे गळ टाकत नाही. बासमध्येही नर घरट्यावर पहारा देतो. त्याला दहा मिनिटे धरून फोटो काढून सोडला, तरी तेवढ्या वेळात दुसरे मासे अंडी खाऊन जातात. म्हणजे सोडलेला मासा जगला तरी त्याचे घर बुडालेले असू शकते. 13 जूनला आपण संत अंतोनी यांचा सण करतो. रिमिनी गावात माणसे ऐकेनात तेव्हा त्यांनी माशांना प्रवचन दिले, अशी कथा आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच दिवसांत पहिला पाऊस पडतो, मासे अंडी घालायला ओढ्यांत वर चढतात आणि आपली मुले टोपल्या घेऊन धावतात. संत अंतोनींच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून थेट ओढ्यावर जाणारे आम्ही पाहिले आहेत. (त्यांत आम्हीही होतो.)

आणि इथे आम्हांला स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. त्या अमेरिकेतल्या मुलाला प्रश्न विचारण्याचा आमचा अधिकार किती, हे वाचकांना कळले पाहिजे.

आमच्यापैकी तिघे लहानपणी दुधनेच्या काठच्या गावात वाढलो. उन्हाळ्यात नदी आटायची आणि डोह तेवढे राहायचे. एका वर्षी आम्ही कपाशीवर फवारायच्या औषधाची बाटली घरातून उचलली आणि डोहात ओतली. अर्ध्या तासात पाणी पांढरे झाले, पोटे वर करून तरंगणाऱ्या माशांनी. मोठे वीसपंचवीस असतील. बाकीचे बोटाएवढे, करंगळीएवढे, मोजता न येणारे. वाम, झिंगे, बेडकांची पिल्ले, सगळे. आम्ही मोठे तेवढे घमेल्यात भरले आणि उरलेले तसेच टाकून आलो. त्याच डोहावर गावातल्या म्हशी पाणी प्यायच्या, खालच्या अंगाला बाया धुणे धुवायच्या. आईने कालवण चुलीवर ठेवले आणि वास येताच पातेल्यासकट उकिरड्यावर नेऊन फेकले. त्या रात्री मार बसला, पण तो कशासाठी? औषधाची बाटली महाग होती, म्हणून. माशांबद्दल कुणी शब्द काढला नाही. आम्हीही नाही. त्यानंतर कितीतरी वेळा पापनिवेदनाला गेलो, शाळेतली भांडणे सांगितली, चोरून खाल्लेली बोरे सांगितली. डोह कधीच सांगितला नाही, कारण तो पापात मोडतो हे आमच्या डोक्यातच आले नाही. पाण्यात विष किंवा सुरुंग टाकून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, हे आम्हांला मिशा फुटल्यावर कळले. आणि हे प्रकार आपल्या जिल्ह्यातल्या नद्यांवर थांबले आहेत, असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? आता तर वीजतारांवर आकडा टाकून पाण्यात करंट सोडणारेही आहेत.

त्या डोहापुढे मरळीच्या ओठाला पडलेले भोक काहीच नाही, असे म्हणून हा विषय संपवता आला असता. पण आजोबांचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. त्या डोहात आम्हांला वीस मासे हवे होते आणि मेले हजार. येलदरीला त्या मुलाला एकही मासा नको होता. मग त्याला हवे काय होते? ती दहा मिनिटे. काठी वाकलेली, पलीकडे एक जीव जिवाच्या आकांताने ओढतो आहे आणि इकडे आपल्याला आनंद होतो आहे. तो आनंद आम्हांलाही झाला. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हा ही फक्त त्याची गोष्ट नाही.

आजोबांच्या दुःखाचा आणखी एक पदर आम्हांला उशिरा कळला. मरळीला रोहू-कटल्यापेक्षा भाव जास्त. ती पाण्याबाहेरही बराच वेळ जगते म्हणून बाजारात जिवंत विकली जाते. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांची चांगली कमाई एका परक्या पोराने धरली, कुरवाळली आणि पाण्यात टाकली. आणि ते पाणी कुणाचे? धरणांचे जलाशय मासेमारीसाठी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. संस्था त्यात मत्स्यबीज सोडते आणि सभासद जाळी टाकतात. आम्ही जाताना कुणाला विचारले होते का? नाही. काठ मोकळा दिसला आणि बसलो. भरल्या पोटी केलेली आमची हौस आणि रिकाम्या तराफ्यावरची त्यांची रोजी, दोन्ही एकाच पाण्यात होत्या. धर्मशिक्षणग्रंथाच्या त्याच 2418व्या परिच्छेदात पुढे म्हटले आहे की माणसांचे दुःख दूर करायला जो पैसा लागायला हवा, तो प्राण्यांवर उधळणेही योग्य नाही. त्या काठीची किंमत आम्ही मुलाला विचारली. त्याने सांगितली. ती इथे लिहीत नाही.

एवढे वाचून आपल्याला वाटेल, आम्ही आजोबांच्या बाजूने निकाल दिला. बहुतांशी दिलाच आहे. भुकेसाठी धरलेला मासा आमच्या विवेकाला टोचत नाही. निव्वळ खेळासाठी धरलेला टोचतो, मग तो सोडलेला का असेना. पण एक गोष्ट राहते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, मिस्सा झाल्यावर, तो मुलगा आम्हांला घेऊन पुन्हा येलदरीला गेला. या वेळी काठी घरी ठेवली होती. आजोबांकडून मासे विकत घ्यायचे, एवढाच बेत होता. त्यांनी जाळे ओढले. रोहू होते, मृगळ होते, चिलापी होती. त्यांत एक वीतभर रोहू होता. आजोबांनी तो उचलला आणि “हे लेकरू कुठं आलं मधात” असे म्हणत परत पाण्यात फेकला.

मुलगा लगेच म्हणाला, “आजोबा, तुम्हीपण सोडताच की!”

आजोबा हसले. “मी याला धराया नव्हतो आलो. हे चुकून आलं.”

नीतिशास्त्र शिकवताना आपले धर्मगुरू कृती, हेतू आणि परिस्थिती असे तीन शब्द वापरतात. ते शब्द आम्ही तरुणपणी पाठ केले होते. त्यांचा फरक कळला तो त्या काठावर, चिखलात पाय रुतलेले असताना. दोन हात, दोन्ही मासा सोडतात. बाहेरून पाहणाऱ्याला एकच दिसते. शिष्यांना प्रभू म्हणाला की यापुढे तुम्ही माणसे धराल, तेव्हा लूकच्या 5व्या अध्यायातील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘जिवंत धरणे’ असा होतो, हे आम्हांला एका फादरांनी सांगितले होते. त्या दिवसापासून तो शब्द वेगळाच ऐकू येतो. कुणाला आपलेसे करायचे ते कशासाठी, त्याच्यासाठी की आपल्या दहा मिनिटांच्या आनंदासाठी, हे आम्हांला माशांपेक्षा माणसांच्या बाबतीत जास्त विचारावेसे वाटते. पण तो विषय मोठा आहे आणि या पानावर जागा थोडी.

उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण वर्ज्य म्हणून आपण महागडा मासा आणतो आणि त्याला त्याग म्हणतो, यावरही कधीतरी लिहायचे आहे. सिस्टरांनी ते बजावूनच ठेवले आहे.

तो मुलगा जानेवारीत परत गेला. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. तिकडे वसंतात बासचे नर घरट्यांवर बसतात, म्हणून अजून तळ्यावर गेलो नाही, म्हणाला. जूनमध्ये पुन्हा फोन आला. या वेळी गेला होता. तिथल्या नियमात बसेल एवढा एक बास धरला, घरी आणला, आईला विचारून हळद-तिखट लावून तळला.

चव कशी होती, असे आम्ही विचारले.

“बरी होती,” म्हणाला. “पण मरळीची सर नाही. आजोबांना सांगा.”